बोल्ट बसेना

यंत्र कुठलंही असो, एकदा माझ्या हाताखाली आलं की ते सुधारूनच उठतं, असं गेली वीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो आहे. सांगणारा मी एकटाच आहे, ही गोष्ट वेगळी. मोहाडीत आमचं हातमागाच्या कापडाचं दुकान. बाबा मागावर बसायचे, मी दुकानात बसतो, पण गल्लीत कोणाचा माग अडला की अजूनही मलाच हाक येते. आडवा धागा नेणारा धोटा अडकला असेल, दोरी तुटली असेल, मी जातो, वाकून पाहतो, दोन ठिकाणी ठोकतो आणि माग चालू होतो. त्यावरून माझी अशी पक्की समजूत झाली की जगातली सगळी यंत्रं म्हणजे थोड्याफार फरकानं हातमागच. मिक्सर म्हणजे गोल फिरणारा माग. विहिरीवरची मोटर म्हणजे ओला माग. माझी बायको हर्षा हिचं मत जरा निराळं आहे. ती म्हणते, तुम्ही दुरुस्त केलेल्या वस्तू चालतात, पण त्या तुम्हाला घाबरून चालतात.

तर असा मी, आणि करडीहून फोन आला की मामाजींची रायफल साफ करायची आहे. मामाजी म्हणजे माझे सासरे, सेवकराम. मी दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकलला किक मारली तेव्हा माझ्या मनात कसली म्हणून शंका नव्हती. रायफलीत एक लोखंडी दांडा पुढं जातो आणि मागं येतो, एवढं मला माहीत होतं. पुढं जातो आणि मागं येतो, म्हणजे धोटाच की!

आधी या रायफलीबद्दल सांगायला हवं. मामाजी फौजेतून नायक म्हणून निवृत्त झाले आणि करडीला धानाची शेती करू लागले. रानडुकरं धान खुंदळून टाकायची, म्हणून त्यांनी रीतसर परवाना काढला आणि तीनशे पंधरा बोअरची एक रायफल घेतली. या रायफलीनं आजवर एकही डुक्कर मारलेलं नाही. डुक्कर मारायला वेगळी परवानगी लागते, ती येईपर्यंत धान कापून होतं. म्हणून ती वर्षभर कुलपात असते आणि बाहेर निघते ती फक्त निवडणुकीला. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करा अशी नोटीस येते. मग मामाजी रायफल घासूनपुसून ठाण्यात नेतात, पावती घेतात आणि निकालानंतर परत आणतात. लोकसभा झाली, विधानसभा झाली, आता जिल्हा परिषद लागली होती. डुकरांपेक्षा लोकशाहीनंच त्या रायफलीला जास्त फिरवलं.

पण मळलेली रायफल मामाजींनी आजवर ठाण्यात दिलेली नाही. फौजी माणूस! तिथल्या खोलीत ती महिना-दीड महिना पडून राहते, अंगावर धूळ असली तर गंज धरतो, असं ते म्हणतात. खरी गोष्ट अशी की ठाण्यातले लोक दर वेळी त्यांची रायफल हातात घेऊन दुसऱ्यांना दाखवतात, आणि ते त्यांना फार आवडतं. यंदा मात्र अडचण झाली होती. पाच दिवसांपूर्वी भंडाऱ्याला त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. उजव्या डोळ्याचा नंबर पुढच्या महिन्यात होता. काळा चष्मा लावून ते खुर्चीत बसून होते, त्यांना फक्त माणसांचे आकार दिसत होते, आणि वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. नोटिशीत त्या दिवशीची संध्याकाळी पाचची मुदत होती. मुदत चुकली तर परवान्यावर कारवाई, हेही त्यात लिहिलेलं होतं.

त्यात त्याच दिवशी थ्रेशरची पाळी आली. मामीजी म्हणजे माझ्या सासूबाई, गिरजाबाई, धान चुरायला शेतावर निघाल्या. हर्षा त्यांच्याबरोबर मजुरांचं जेवण घेऊन गेली. निघताना मामीजी मला म्हणाल्या की मी दोनपर्यंत येते, तोवर रायफलीला हात लावू नका. मला वाटलं, पाहुण्या जवायाला कामाला लावणं त्यांना बरं वाटत नसेल. मी म्हटलं, मामीजी, तुम्ही निवांत जा.

घरी राहिलो आम्ही दोघं. छपरीत बाज टाकली, तिच्यावर जुनं धोतर अंथरलं आणि मामाजींच्या सांगण्याप्रमाणे कपाटातून रायफल काढून ठेवली. गोळ्या वेगळ्या डब्यात कुलपाआड होत्या, तरी मामाजींनी माझ्याकडून तो पुढं-मागं जाणारा दांडा, म्हणजे बोल्ट, उघडवून स्वतःची करंगळी आत घालून रिकामी आहे याची खात्री केली. मग खुर्चीत मागं टेकून त्यांनी मला नीट समजावलं.

"जवाई, नळीतून चिंदी फिरवा. बोल्ट बाहेर काढा, फडक्यानं पुसा, तेलाचा हात लावा अन् होता तसा आत घाला. त्याच्या मागचा तुकडा मातर फिरवू नका."

मी हो म्हटलं. नळी तर मी अशी पुसली की विचारू नका. चिंदीसाठी दुकानातून खास कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड कापून आणलं होतं. एक चिंदी काळी आली, दुसरी करडी आली, पाचवी पांढरीशुभ्र बाहेर आली. नळीला डोळा लावला तर आत चांदीच्या नाण्यासारखं गोल गोल चमकत होतं. मामाजींना दिसत नव्हतं, म्हणून मी त्यांना वर्णन करून सांगितलं. त्यांना बरं वाटलं. तिथं मी थांबलो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती.

पण मी फोनवर एक व्हिडिओ लावून ठेवला होता. त्यात एक दाढीवाला गोरा माणूस बोल्टचे सुटे भाग करून एकेक भाग पुसत होता. त्याची रायफल वेगळी होती, भाषा वेगळी होती, पण हात इतके सराईत चालत होते की मला स्वतःचीच आठवण झाली. मी बोल्ट उचलला. मागचा तुकडा, जो फिरवू नका म्हणून सांगितलं होतं, त्याच्या खाचेत तेलाची काळी रेघ दिसत होती. ती रेघ मला सहन होईना. मी तो तुकडा चिंदीत धरला आणि जरासा फिरवला, अगदी बाटलीचं झाकण सैल करतात तेवढाच. "टक्" असा आवाज झाला आणि तुकडा स्प्रिंगच्या जोरानं आत बसला.

मामाजींनी मान वळवली. काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, फोनमधला आवाज आहे.

रेघ पुसली, तेल लावलं, बोल्ट रायफलीत घातला. तो आत गेला, पुढं सरकला आणि अडला. त्याची कडेची दांडी खाली जाईना. मी काढून पुन्हा घातला. पुन्हा तिथंच. थोडं तेल टाकलं. अजून थोडं टाकलं. बोल्ट इतका गुळगुळीत झाला की माझ्या हातातून दोनदा बाजेवर निसटला, पण दांडी काही बसेना. मी दाढीवाल्याला मागं नेलं, पुढं नेलं, हळू चालवलं. त्याचा बोल्ट प्रत्येक वेळी बंद होत होता. मला त्या माणसाचा राग यायला लागला.

मागाला मी जसं ठोकतो तसं इथंही अंगठ्यानं दोनदा ठोकून पाहिलं. अंगठा लाल झाला. तेवढ्यात मामाजी म्हणाले की झालं असेल तर एकदा बंद करून दाखवा, मले फक्त आवाज ऐकू द्या. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांचं सगळं लक्ष कानात होतं. आता काय करावं? मी म्हटलं, हात तेलाचे झालेत, धुऊन येतो. अंगणाच्या कडेला संडास आहे, त्याच्या लोखंडी दाराला कडी आहे. मी दाराशी उभा राहिलो, ऐका म्हणालो आणि ती कडी जोरात सरकवली. "खटाक्!" असा सुरेख आवाज आला की क्षणभर मलाच वाटलं, रायफल बंद झाली.

मामाजींनी मान कलती करून ऐकलं. मग "बरं" म्हणाले. एवढंच. मला वाटलं, जिंकलो.

अडीच वाजून गेले होते, धान चुरणं लांबल्यानं मामीजी अजून आल्या नव्हत्या. पाचच्या आत हे बंद करून ठाण्यात न्यायचं होतं. मामाजींच्या परवान्याची रायफल त्यांच्याशिवाय बाहेर काढणं योग्य नव्हतं, म्हणून जाणकार माणसालाच घरी आणायचं ठरवलं. करडीत योगेंद्र नावाचा एक मेकॅनिक आहे, ट्रॅक्टर दुरुस्त करतो, माझ्या ओळखीचा आहे. मी रायफलीवर फडकं टाकलं आणि अंगणाच्या टोकाला जाऊन, तोंडावर हात धरून त्याला फोन लावला.

"योगेंद्र, लवकर ये. उघडाच राहिला आहे, बंदच होऊन नाही राहिला. मामाजीले माहीत नाही. अन् कोणाले सांगू नको."

एवढं बोलून मी फोन ठेवून दिला, कारण मामाजी माझ्याकडं तोंड करून बसले होते. त्या घाईत रायफल हा शब्द मी उच्चारलाच नाही. दुसरी गोष्ट मला नंतर कळली. योगेंद्र त्या वेळी चौकातल्या पानठेल्यावर होता. हाताला ग्रीस लागलेलं, म्हणून त्यानं फोन ठेल्याच्या फळीवर ठेवून स्पीकर चालू केला होता. तिथं सहा माणसं उभी होती आणि सहाही जणांना ठाऊक होतं की सेवकराम फौजीच्या डोळ्याचं पाच दिवसांपूर्वी ऑपरेशन झालं आहे.

डोळा उघडा राहिला. बंद होऊन नाही राहिला. बिचाऱ्याला अजून माहीत नाही. गावाला यापेक्षा जास्त काय लागतं?

इकडं मी योगेंद्र पान्हे घेऊन येईल म्हणून वाट पाहत होतो. पाऊण तासानं अंगणासमोर ट्रॅक्टर थांबला. मागं ट्रॉली, ट्रॉलीत तणशीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, जाड थर, त्यावर गादी, गादीवर उशी. योगेंद्रच्या हातात पान्हा नव्हता, पाण्याची बाटली होती. त्यानं मला बाजूला घेतलं आणि डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की भाऊ, भंडाऱ्याले सावकाश नेतो, खड्डा एकही लागू देत नाही. मी विचारलं, कोणाला? तो उत्तर देणार तोच मामाजींचा फोन वाजला.

फोन आसगावहून होता. आसगाव तिकडं पवनी तालुक्यात, मामाजींच्या धाकट्या बहिणीचं, आनंदाबाईंचं गाव. करडीची बातमी तिथवर पोचायला चाळीस मिनिटं लागली होती. आनंदाबाईंचा आवाज स्पीकर नसतानाही अंगणभर ऐकू येत होता. त्यांनी आधी हुंदका दिला आणि मग विचारलं, "दादा, दिसते का रे तुले?"

मामाजी सरळ माणूस. म्हणाले की नाही बाई, सध्या काही दिसत नाही.

पलीकडून असा टाहो फुटला की झाडावरचे कावळे उठले. मामाजी तिला समजावू लागले की सगळं ठीक आहे, चष्मा लावला आहे, दोन आठवड्यांत दिसेल. पण ती म्हणत होती की माझ्यापासून कायले लपवून राहिला. शेवटी फोन कट झाला. मामाजी गोंधळून विचारत होते की हिला झालं तरी काय.

आणि मग लोक यायला लागले. आधी शेजारच्या सत्यभामाबाई आल्या, देवाचा अंगारा घेऊन. त्यांच्या मागं पानठेल्यावरचे सहाही जण आले. मग भजनी मंडळ आलं. मग सरपंचपदाला उभं राहायचं मनात असलेले एक गृहस्थ आले, ते सगळ्यांच्या पुढं उभे राहिले. बघता बघता अंगण भरलं. सगळे मामाजींकडं बघत होते, आणि मामाजी काळ्या चष्म्यातून नुसते आकार मोजत होते. त्यांनी मला हळूच विचारलं की जवाई, इतकी माणसं काहून आली? मी म्हटलं, तुमच्या तब्येतीची चौकशी करायला. ते खूश झाले. म्हणाले, गाव चांगलं आहे आपलं.

इतक्यात भजनी मंडळातले एक म्हातारे काठी टेकत पुढं आले, वाकले आणि मामाजींच्या चष्म्याखालून आत पाहू लागले. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "फौजी, जरा मिटून दाखव."

"काय मिटून दाखवू?"

"डोळा."

मामाजींनी एकदा डोळे मिटले, उघडले. पुन्हा मिटले. म्हातारे सरळ झाले आणि गर्दीकडं वळून त्यांनी जाहीर केलं की मिटते. गर्दीत कुजबुज झाली. मागच्यांना दिसलं नव्हतं, ते म्हणाले, पुन्हा दाखवा. मामाजींनी पुन्हा मिटले. फौजेत असताना परेड केलेला माणूस, सांगितलं की करायची सवय! त्यांनी पाच-सहा वेळा मिटून दाखवले आणि मग एकदम ताठ बसून विचारलं की हा काय तमाशा आहे.

मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो. पण तेवढ्यात फाटकातून मामीजी आल्या. केसांत तणस, पदर कमरेला खोचलेला, श्वास फुललेला. त्यांच्या मागं हर्षा, तिच्या मागं चुरणीवरचे सगळे मजूर. थ्रेशर तसाच चालू सोडून आले होते. मामीजी कोणाकडं न पाहता थेट मामाजींपुढं गेल्या, त्यांच्या चेहऱ्यावरचा चष्मा काढला, दोन्ही तळव्यांत त्यांचं तोंड धरलं आणि उजेडाकडं वळवलं. एवढ्या माणसांसमोर त्यांनी मामाजींना असा हात लावलेला मी कधी पाहिला नव्हता. मामाजींचा डोळा थोडा लाल होता, पण नीट होता. डोळ्यानं त्यांच्याकडं पाहिलं आणि तो मिटला, आणि उघडला.

"तू दिसून राहिली मले," मामाजी म्हणाले. "तणशीसकट."

पाच दिवसांत त्यांना नीट दिसलेला तो पहिला चेहरा होता. मामीजी बाजूला झाल्या, पदर तोंडाला लावला आणि अंगणातल्या निम्म्या बायकांनी आपापले डोळे पुसले. मलाही भरून आलं, पण माझं भरून येण्याचं कारण दुसरं होतं, कारण मामीजींनी चष्मा परत त्यांच्या नाकावर ठेवला आणि आता त्या माझ्याकडं वळल्या होत्या.

"जवाई, बंद काय नाही होऊन राहिलं?"

योगेंद्र माझ्याकडं पाहत होता, हर्षा माझ्याकडं पाहत होती, सरपंचपदाचे उमेदवारही माझ्याकडं पाहत होते. मी बाजेवर टाकलेलं फडकं बाजूला केलं. तेलानं न्हालेली रायफल उघड्या तोंडानं पडलेली होती.

"बोल्ट," मी म्हणालो.

आधी कोणाला काही कळलं नाही. मग योगेंद्रला कळलं, त्यानं पाण्याची बाटली उघडून स्वतःच प्यायली. मग हसू मागच्या रांगेतून सुरू झालं आणि पुढं पुढं सरकत आलं. मी मामाजींपाशी गेलो आणि म्हटलं, मामाजी, चुकलो, तुम्ही नको म्हणालात तो तुकडा मी फिरवला, आणि तुम्हाला ऐकवला तो आवाज रायफलीचा नव्हता.

"माहीत आहे," मामाजी म्हणाले. "संडासाची कडी होती ते. पंधरा वर्षं झाली, रोज ऐकून राहिलो."

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात?

"जवाई आहात. तुमच्या तोंडावर कसं म्हणू का तुम्ही संडासाचं दार बंद केलं म्हणून?"

यावर हर्षा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मला वाटलं, आता यापेक्षा खाली जायला जागा नाही. ती होती.

मामीजींनी हात धुतले, पुसले आणि बाजेवर बसल्या. बोल्ट उचलला, एकदा उजेडात धरून बघितला. मग दांडी एका मुठीत धरली, मागचा तुकडा पदराच्या टोकात पकडला, जोर लावून मागं ओढला आणि पाव फेरी उलटा फिरवला. "टक्." तुकडा सरळ रेषेत उभा राहिला. बोल्ट रायफलीत घातला, पुढं सरकवला, दांडी खाली दाबली. बसला! बोटानं दार लोटावं इतक्या सहज बसला. खुर्चीत मामाजींनी मान हलवली. आवाज बरोबर होता.

मी विचारलं, तुम्हाला कसं येतं? मामीजींनी बोल्ट पुन्हा उघडला, मिटला, आणि जादा तेल पुसता पुसता सांगितलं की रायफल नवीन आणली तेव्हा तुमच्या मामाजींनीही हाच तुकडा फिरवला होता. मला सांगेनात. दोन दिवस अडून बसले होते. तिसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले तेव्हा मीच पाहून पाहून बसवला. तेव्हापासून बोल्ट मी पुसते, नळी ते पुसतात.

सगळं अंगण आता मामाजींकडं पाहू लागलं. मामाजींनी काळा चष्मा नीट केला.

"नवीन होती तेव्हा," ते म्हणाले. "घट्ट होती जरा."

कोणीतरी किती वाजले ते सांगितलं, तेव्हा आम्ही भानावर आलो. सव्वाचार. ठाणं काही लांब नाही, पण मामाजींना मोटरसायकलवर बसवायचं नव्हतं. योगेंद्रची ट्रॉली गादीसकट तयार होती. मामाजींना त्यावर बसवलं, मांडीवर कापडात गुंडाळलेली रायफल, शेजारी मामीजी परवाना आणि गोळ्यांचा डबा घेऊन. मी आणि हर्षा कडेला. इतकं ठीक होतं. पण बाकीची मंडळी हातातली कामं टाकून आली होती, दुःखाची तयारी करून आली होती, आता आनंदात परत कशी जाणार? तीही चढली. भजनी मंडळाजवळ टाळ होते. ते वाजायला लागले. सरपंचपदाचे उमेदवार ट्रॉलीच्या पुढच्या टोकाला उभे राहून रस्त्यावरच्या लोकांना नमस्कार करू लागले.

असे आम्ही आचारसंहिता चालू असताना, टाळ वाजवत, चाळीस माणसं आणि एक रायफल घेऊन ठाण्याच्या फाटकात शिरलो.

संजीव हवालदार धावतच बाहेर आले. कोणता पक्ष, मिरवणुकीची परवानगी कुठं आहे, आणि हत्यार कोणाच्या हातात आहे, असे तीन प्रश्न त्यांनी एका दमात विचारले. उमेदवार तोवर ट्रॉलीतून दिसेनासे झाले होते. मामाजी गादीवरून उठून ताठ उभे राहिले आणि म्हणाले की पक्ष नाही, मी सेवकराम, रायफल जमा करायला आलो. हवालदारांनी त्या चाळीस माणसांकडं पाहिलं. विचारलं, मग हे सगळे? मामाजींनी क्षणभर विचार केला. "माझा डोळा पाहायला आले," ते म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

टाळ थांबले, लोकांना फाटकाबाहेर उभं केलं आणि आम्ही चौघं आत गेलो. भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा कमी होते. हवालदारांनी रायफल घेतली, बोल्ट उघडला, रिकामी असल्याचं पाहिलं. त्यांनी दांडी दाबली. बसला. मग नळीला डोळा लावला, आणि लावलेलाच ठेवला. शेवटी रायफल खाली घेऊन म्हणाले की इतकी वर्षं ही रायफल पाहतो, पण अशी नळी कधी पाहिली नाही, कोणी साफ केली?

मामाजींनी माझ्या आकाराकडं बोट केलं. "आमच्या जवायानं."

मी मामीजींकडं पाहिलं. त्या भिंतीवरची सूचना वाचत होत्या. मी मान खाली घालून, नाही तसं काही, एवढं पुटपुटलो, पण माझी छाती किती वर आली होती ते हर्षानं पाहिलं. पावती झाली, मामाजींनी अंदाजानं सही केली, हवालदारांनी त्यांना हात धरून दारापर्यंत सोडलं.

बाकावर देवकाबाई नावाच्या एक आजी बसल्या होत्या. नवऱ्यामागं त्याची एकनळी बंदूक त्यांच्या नावावर झाली होती, तीच जमा करायला आल्या होत्या. बंदूक गंजून विटकरी रंगाची झाली होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या की बाबू, निकाल लागला का माझ्या घरी येजो, माझ्या म्हाताऱ्याची बंदूक तेवढी अशीच करून देजो. त्यांच्यामागं रांगेत आणखी तिघं होते. त्यांनीही माझा नंबर लिहून घेतला. नाही म्हणायला मला जमलं नाही. खरं सांगायचं तर मी नाही म्हणून पाहिलंच नाही.

निकाल पुढच्या आठवड्यात आहे. चारही जणांचे फोन येऊन गेले आहेत, देवकाबाईंचा दोनदा. परवा मी करडीला जाऊन मामीजींना विचारलं की त्या दिवसांत तुम्ही मोकळ्या आहात का. त्यांनी थोडे आढेवेढे घेतले, मग येईन म्हणाल्या. अट एकच घातली, बोल्टाकडं बघायचंसुद्धा नाही, जवायानं फक्त नळी पुसायची.

मी कबूल केलं. नळी मी खरंच छान पुसतो.